साध्यासाध्य विचार आणि नुकसानभरपाईचा दावा

रुग्णाच्या मृत्यूनंतर वैद्याच्या दारी वकिलाची नोटीस येते, तेव्हा व्यावसायिक वर्तुळातील पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. करकंबसारख्या गावात वैद्य आणि रुग्णाचे नातेवाईक बाजारात रोज समोरासमोर येतात. तेथे अशी नोटीस म्हणजे वैर असेच मानले जाते. आमच्या मते हा दृष्टिकोन बदलणे अगत्याचे आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घरातील माणूस गमावलेल्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टने मान्य केलेला आहे. पती किंवा पत्नी, आई-वडील व अपत्ये यांच्यासाठी हा दिवाणी दावा मृत्यूपासून २ वर्षांच्या आत दाखल करता येतो. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे आपल्या भागातील कुटुंबास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सर्वांना विनामूल्य दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे खरे; परंतु तिच्यामुळे दिवाणी जबाबदारी टळत नाही.

या विषयातील पायाभूत निर्णय महाराष्ट्रातीलच आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यातील शल्यचिकित्सकाने भूल न देता जोर लावून हाड बसविले व त्याच दिवशी रुग्ण दगावला. आई-वडिलांनी दावा केला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या प्रकरणात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम आज अल्प वाटेल. परंतु त्या निकालाने सांगितलेली तीन कर्तव्ये आजही प्रत्येक दाव्यात कसोटी म्हणून वापरली जातात. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही ठिकाणी वाजवी दक्षता हवी.

यांतील पहिले कर्तव्य आपल्या शास्त्रास नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात साध्य व असाध्य व्याधींचा भेद सांगून, असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे बजावले आहे. न्यायालयाचा पहिला प्रश्न आणि चरकाचा इशारा यांत फारसे अंतर नाही. ग्रामीण व्यवसायात धोका याच टप्प्यावर अधिक असतो. 'उद्यापर्यंत पाहू' या शब्दांत रात्र जाते आणि रुग्णास पंढरपूर वा सोलापूरला हलविण्याची वेळ निघून जाते.

दुसऱ्या कर्तव्यासंबंधी पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा १९९६ चा निकाल प्रत्येकाने जाणून घ्यावा. मुंबईतील होमिओपॅथीच्या व्यावसायिकाने तापाच्या रुग्णास आवश्यक तपासण्या न करता ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला व पत्नीस ३ लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्याचा वापर, हाच निष्काळजीपणा ठरला. राज्य कायद्याने मुभा दिली असेल तेथे भारतीय वैद्यकाच्या नोंदणीकृत व्यावसायिकांस आधुनिक औषधे देता येतात, हे १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने स्पष्ट केले. परंतु मुभा म्हणजे कौशल्य नव्हे. जे औषध आपण देतो, त्याच्या मात्रेचे व दुष्परिणामांचे ज्ञान आपल्याकडून अपेक्षिले जाणारच.

औषधविक्रेत्या बंधूंनीही स्वतःस या चर्चेबाहेर समजू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदी जुलै २०२० पासून लागू आहेत. उत्पादकाची ओळख पटत नसेल, किंवा त्याने दिलेली धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोहोचविली नसेल, तर विक्रेताच उत्तरदायी ठरू शकतो. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, विषमुष्टि, हरताळ, हिंगुळ ही द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषारी म्हणून नोंदलेली आहेत. ती असलेले कल्प पुडीत बांधून, लेबलाविना देणे म्हणजे दाव्यातील पुरावा स्वतःच्या हाताने तयार करणे होय.

प्रत्येक मृत्यू म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही तितकेच खरे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सामान्य कौशल्याचा निकष मान्य करून वैद्यांस संरक्षण दिले. मात्र ते संरक्षण मिळविण्यासाठी कागद लागतो. तारीख व वेळ, लक्षणे, दिलेले औषध, 'पुढे न्या' हा लेखी सल्ला आणि नातेवाइकांची स्वाक्षरी असलेला केसपेपर हाच न्यायालयात वैद्याच्या बाजूने बोलतो.

म्हणून संघटनेने सदस्यांसाठी संदर्भपत्राचा एकच मराठी नमुना तयार करावा, अशी आमची सूचना आहे. सदस्यावर दावा झाल्यास त्याला कायदेशीर साह्य अवश्य द्यावे. परंतु चूक नसल्याचा निर्वाळा कागद पाहण्यापूर्वी देऊ नये. नोटीस आल्यास तिला मुदतीत उत्तर द्यावे, केसपेपरात नंतर खाडाखोड करू नये आणि मृताच्या कुटुंबाशी बोलणे थांबवू नये. काय घडले हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि पुष्कळदा त्यांची पहिली मागणी तेवढीच असते.