सोडून दिलेला बुलडॉग घरी आणताय? प्रेमाआधी थंड खोलीची सोय हवी!

‘अर्जंट. इंग्लिश बुलडॉग, नर, वय पाच वर्षे. मालकाची बदली झाली आहे. फक्त प्राणिप्रेमींनी संपर्क साधावा.’ सातारा-सांगलीतल्या प्राणिप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज आता नवा राहिलेला नाही. सोबत सुरकुतलेल्या, बिचाऱ्या चेहऱ्याचा फोटो असतो. खाली बदामांची रांग लागते आणि कुणीतरी लिहिते, ‘आम्ही घेतो.’

घेणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण पुढे येते. कुत्रा घरी येतो, दोन दिवस घरभर कौतुक होते, तिसऱ्या दिवशी तो सोफ्याखालून बाहेर यायला तयार होत नाही, आठव्या दिवशी मुलाच्या अंगावर गुरगुरतो आणि महिन्याभरात त्याच ग्रुपवर तोच फोटो पुन्हा फिरू लागतो. बुलडॉगला घर मिळवून देणे तुलनेने सोपे आहे, घरात रुळवणे अवघड. त्यातही सातारा-सांगलीच्या उन्हाळ्यात ते नुसत्या मायेने होत नाही.

बुलडॉग सोडले का जातात?

कुत्र्यांच्या जातीही फॅशनसारख्या येतात आणि जातात. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या तोंडाचे कुत्रे ‘क्यूट’ ठरले ते तेव्हापासून. बुलडॉग त्यातला महागडा प्रकार. पिल्लू घेताना त्याची किंमत सांगितली जाते, पण ते रात्रभर घोरते, लाळ गाळते, कातडीच्या घड्यांत चिघळते आणि एप्रिलमध्ये भर दुपारी धापा टाकते, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. दवाखान्याची बिले सुरू झाली की मालकाची ‘बदली’ होते.

मादीची कथा आणखी वेगळी. बुलडॉगच्या पिल्लांचे डोके मोठे आणि मादीचे कटिबंध अरुंद, त्यामुळे बहुतांश बाळंतपणे सिझेरियननेच होतात. पैशासाठी पुन्हा पुन्हा व्यायला लावलेली मादी थकली की तिचा उपयोग संपतो. २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. नियम कागदावर ठीक आहेत. पण फोनवर भाव ठरवून रस्त्याच्या कडेला पिल्लाची टोपली हातात देणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक कोण मागतो?

त्यात २०२४ च्या मार्चमध्ये गोंधळाची भर पडली. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ प्रकारच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचे पत्र राज्यांना पाठवले. त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता, इंग्लिश बुलडॉग नव्हता. पण शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या अध्यक्षांना हा फरक कोण समजावणार! ज्यांच्याकडे आधीपासून असे कुत्रे होते त्यांनी नसबंदी करून घ्यावी, असे त्या पत्रात म्हटले होते; कुत्रे सोडून द्या, असे कुठेही म्हटले नव्हते. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केले. शेजाऱ्यांच्या मनातली यादी मात्र अजून लागू आहे.

‘आमच्याकडे आजोबांपासून कुत्री आहेत’ हे का पुरत नाही?

या भागाला कुत्रा नवा नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगितले जाते. जत-माणच्या माळावर आजही कारवानी कुत्रा सशामागे वाऱ्यासारखा सुटताना दिसतो. शेतावर राखणीला कुत्रा, गोठ्यात कुत्रा, मेंढरांमागे कुत्रा. म्हणूनच अनेक घरांना वाटते, कुत्रा सांभाळणे आम्हाला काय शिकवता?

पण कारवानी आणि बुलडॉग यांच्यात नावापुरतेच साम्य आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. लांब नाकातून आणि उघड्या तोंडातून हवा खेळते, ओलावा उडतो, रक्त थंड होते. म्हणजे कुत्र्याचे तोंड हा त्याचा रेडिएटर. बुलडॉगमध्ये माणसाने हा रेडिएटरच चेपून टाकला. कवटी आखूड झाली, पण आतला मऊ टाळू तेवढाच राहिला. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुड्या फटीएवढ्या, श्वासनलिका अरुंद. धाप लागली की सुजलेला घसा वाट आणखी अडवतो, मग तो आणखी जोरात धापा टाकतो आणि थंड होण्याऐवजी तापत जातो. इंजिन बंद पडायला यात फार वेळ लागत नाही.

मूळचा बुलडॉग असा नव्हता. इंग्लंडमध्ये बैलांवर सोडण्यासाठी तो पाळला जाई. १८३५ मध्ये कायद्याने तो खेळ बंद झाला, कुत्रा दिवाणखान्यात आला आणि पुढे प्रदर्शनातल्या बक्षिसांसाठी त्याचा चेहरा पिढ्यानपिढ्या आत दाबला गेला. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२२ मधील अभ्यासात इतर कुत्र्यांच्या तुलनेत इंग्लिश बुलडॉगला कातडीच्या घड्यांचा दाह होण्याचा धोका ३८ पट, तर श्वासमार्गाच्या विकाराचा धोका सुमारे १९ पट आढळला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्याच दुसऱ्या अभ्यासात त्याचे सरासरी आयुर्मान साडेसात वर्षांहूनही थोडे कमी निघाले. म्हणजे मेसेजमधला ‘पाच वर्षांचा’ बुलडॉग तरुण नाही, उतारवयाकडे निघालेला आहे. नॉर्वेत ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने २०२२ च्या सुरुवातीला या जातीची पैदासच प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवली होती. अपिलात बुलडॉगपुरता तो निर्णय फिरला, पण वाद संपलेला नाही.

घोरण्याला घरातले लोक हसतात, त्याचे व्हिडिओ काढतात. जागेपणीही घरघर ऐकू येत असेल, तर ते कौतुकाचे नाही, तपासणीचे कारण आहे.

प्रवास कसा करायचा?

असा कुत्रा बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. उन्हाळ्यात दुपारी खंबाटकी घाटात वाहतूक कोंडीत अडकलेली, एसी बंद केलेली गाडी त्याच्यासाठी भट्टी ठरते. रात्री उशिरा किंवा पहाटे निघावे, एसी सुरू ठेवावा, निघण्याआधी पोटभर खायला घालू नये. गळ्यात पट्टा नको, छातीला बसणारा हार्नेस हवा. आधीच अरुंद असलेल्या श्वासनलिकेवर पट्ट्याचा ताण पडता कामा नये.

घाटाच्या अलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा जिल्ह्यासाठी ही मोठी सोय. घरी पोहोचल्यावर दोनेक दिवसांत अशा ठिकाणी किंवा जवळच्या अनुभवी पशुवैद्यकाकडे त्याची तपासणी व्हायला हवी: नाकपुड्या, टाळू, डोळे, कान, घड्यांखालची कातडी, गोचीड तापासाठी रक्त. रेबीजच्या लसीची नोंद हातात नसेल तर ती झालेली नाही, असेच धरून चालावे. नसबंदी करायची असेल तर भूल देण्याचा धोका या जातीत जास्त असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई नको.

पहिले पंधरा दिवस काय करायचे?

शक्य तितके कमी. हे सगळ्यात अवघड जाते, कारण घरात उत्साह असतो. औक्षण होते, आत्या-मामा बघायला येतात, शेजारची मुले मिठ्या मारतात, लगेच आंघोळ घातली जाते, रील तयार होते. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे घर गेले आहे, ओळखीचे वास गेले आहेत आणि दहा अनोळखी हात त्याच्याकडे येत आहेत.

कुत्र्यांसाठी काम करणारे कार्यकर्ते एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने आपलेपणाचे. बुलडॉगच्या बाबतीत या आकड्यांना घट्ट धरू नये, पण घाई करणाऱ्यांना थांबवायला ते उपयोगी आहेत. एक खोली, शक्यतो उत्तरेकडची, पत्र्याखालची नव्हे. फरशी गार, पंखा सुरू, पाण्याचे पसरट भांडे, निजायला जाड गोधडी. जेवण, शी-शू, झोप यांच्या वेळा रोज त्याच. हाक मारायला नाव जुनेच ठेवावे. तो जवळ येईपर्यंत कुणी त्याच्याकडे जाऊ नये.

तो गुरगुरला तर त्याला मारू नये. गुरगुरणे हा इशारा आहे. मार खाऊन इशारा देणे बंद केलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो. जेवताना त्याच्या भांड्यात हात घालून ‘सवय लावण्याचा’ प्रयोग तर मुळीच नको. लहान मूल आणि कुत्रा यांना मोठे माणूस नसताना एकत्र सोडू नये, तो कितीही गरीब वाटला तरी. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट घरात नाही, मोकळ्या मैदानात, दोन माणसांच्या हातात दोन दोऱ्या असताना व्हावी. गणपतीत डॉल्बीच्या भिंती उभ्या असतात तेव्हा आणि दिवाळीच्या आठवड्यात नवा कुत्रा आणूच नये.

फिरायला न्यायचे ते सकाळी सातच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावर. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवता येणार नाहीत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ४१ च्या पुढे जीव धोक्यात येतो. जीभ जांभळी पडली, तोल जाऊ लागला की आधी अंगावर साधे गार पाणी ओतून पंख्याखाली घ्यावे आणि मगच दवाखान्याकडे पळावे.

ताटात काय नको?

सांगलीत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. तासगाव-सांगलीकडच्या घरात बेदाण्याची पिशवी दिवाणावर पडलेली असते, पाहुणा आला की मूठभर पुढे केला जातो, त्यातले चार कुत्र्यापुढेही टाकले जातात. ते टाकू नयेत. कांदा-लसणाचा रस्साही नको. साताऱ्याच्या कंदी पेढ्याने लगेच काही होणार नाही, पण वजन वाढेल. आणि जाड बुलडॉगला श्वास घेणे आणखी जड जाते.

घड्या रोज ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. हळद कितीही सांगलीची असली तरी तेलात कालवून घडीत भरू नये. तिथे ओलावाच शत्रू आहे. गुरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध तर परस्पर लावायचेच नाही.

घेणे परवडते का?

हा प्रश्न विचारला की प्राणिप्रेमी रागावतात, पण तो विचारायलाच हवा. पत्र्याचे घर, दिवसभर कुलूप, उन्हाळ्यात तासन् तास वीज नाही आणि जवळ चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा अनुभव असलेला डॉक्टर नाही, अशा घराने ‘नाही’ म्हणणे हा क्रूरपणा नाही. त्या घरात गावठी पिल्लू आनंदाने वाढेल. या पट्ट्यात प्राण्यांसाठीची मदत बैल, घोडे, गाढवे अशा कष्टकरी जनावरांभोवती उभी राहिली; सांगली-सोलापूर भागातली अ‍ॅनिमल राहत ही संस्था त्याचे ठळक उदाहरण. बुलडॉगच्या टाळूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र पुणे गाठण्याची तयारी ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट, सोडणाऱ्याला पैसे देऊन कुत्रा ‘वाचवू’ नये. तो पैसा पुढच्या पिल्लासाठी वापरला जातो. त्याच्याकडून लसीकरणाची वही, आजारांची माहिती आणि मालकी सोडल्याचे दोन ओळींचे पत्र घ्यावे. प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा अजून बदललेला नाही, आणि लाखाच्या घरात पिल्लू घेणाऱ्याला पन्नास रुपयांची भीती का वाटावी, याचे उत्तर सरकारकडेही नाही.

पुरात काय?

सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इतर कुत्रे पोहून काठ गाठतात, बुलडॉग बुडतो. डोके जड, पाय आखूड, नाक पाण्याच्या वर राहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा माणसांसाठीच बोटी अपुऱ्या पडल्या होत्या. म्हणून पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की कुत्र्याला आधी उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवावे. त्यासाठी त्या घराची आणि तिथल्या माणसांची ओळख त्याला पावसाळ्याआधीच करून दिलेली हवी. बोट दाराशी येईपर्यंत थांबलेल्या घराला पंचवीस किलोचा, घाबरलेला, धापा टाकणारा कुत्रा दोन हातांवर उचलून घ्यावा लागतो.