आधी नमुना, मग पैसा



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण तोही शेवटी बियाण्याच्या पिशवीपाशीच येऊन थांबेल.

मे २०२३ मधली गोष्ट. खरीप तोंडावर आलेला आणि आमच्या थोरल्या बंधूंना पैशांची ओढ. त्यांचा मुलगा तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. साठवलेल्या पैशांतून संगणकावरचा एक खेळ घ्यायचे त्याने ठरवले. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर ६’ हा मारामारीचा खेळ २ जूनला येणार होता. किंमत कपाशीच्या तीन पिशव्यांच्या वर. दादा भडकले, “इथे बियाण्याला पैसा नाही आणि हा पडद्यावरच्या मारामारीवर उधळतोय!” बापलेकांत अबोला झाला आणि मला बोलावणे आले.

हा खेळ मला अगदीच परका नव्हता. १९९१ साली निघालेला ‘स्ट्रीट फायटर २’ मी विद्यार्थी असताना शहरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पाहिला होता. त्यातल्या आठ लढवय्यांत हातपाय लांबवणारा, तोंडातून आग काढणारा भारतीय योगी धालसिमही होता. कुस्तीच्या फडाभोवती जमावी तशी पोरे त्या पेटीभोवती जमत.

पुतण्याला विचारले, “बाबा, एवढी घाई कसली?” तेव्हा कळले, की घाईपेक्षा त्याला धाकधूकच जास्त होती.

तो म्हणाला, “काका, २०१६ च्या फेब्रुवारीत पाचवा भाग आला, तेव्हा लोकांची फार निराशा झाली. लढवय्ये सोळाच आणि एकट्याने एकामागून एक लढती खेळायचा जुना नेहमीचा प्रकारच त्यात नव्हता. तो आला २०१८ च्या जानेवारीत. आता सहावाही अर्धवट निघाला तर?”

दुसरी काळजी इंटरनेटची. या खेळात सेकंदाचे साठ भाग पडतात आणि दोनचार भागांचा उशीर झाला तरी डाव हुकतो. नव्या खेळात समोरच्याची पुढची हालचाल संगणक आधीच ताडतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. हे गावाकडच्या इंटरनेटवर चालेल का, ही त्याला शंका.

तिसरी काळजी जुन्या खेळाडूंची. खाली, तिरपे, पुढे आणि मग ठोसा, असा एकेक डाव त्यांनी वर्षानुवर्षे घोटलेला. नव्या ‘मॉडर्न’ पद्धतीत तोच डाव एका बटणावर निघणार होता. मग मेहनतीचे मोल काय राहिले? पण कंपनीने तिथे तोल साधला होता. एका बटणाच्या डावाचा मार वीस टक्के कमी ठेवला होता. पुतण्याला मात्र त्यातच आशा दिसत होती. “नवी पोरे आली तर खेळ टिकेल,” तो म्हणाला.

मी विचारले, “तू खेळून पाहिलास का?” तर एप्रिलमध्ये कंपनीने थोडासा भाग फुकट दिला होता आणि मे महिन्यात तीन-चार दिवस सर्वांना इंटरनेटवरही खेळू दिले होते. पुतण्याने दोन्ही पारखून पाहिले होते आणि इंटरनेटची शंका बरीच फिटली होती.

मी दादांना म्हणालो, “दादा, आपण प्रात्यक्षिक प्लॉट पाहून वाण निवडतो, तेच पोराने केले आहे. तो उधळ्या नाही.” आणि पुतण्याला म्हणालो, “मग आगाऊ पैसे कशाला भरतोस? खेळ काही संपत नाही. पेरणीची वेळ मात्र गेली की गेली.”

पोराने आपणहून पैसे बापाच्या हाती दिले. त्या वर्षी पाऊसही लांबला. मोसमी वारे केरळात ८ जूनला पोचले आणि राज्याचा बराचसा भाग व्यापायला २५ जून उजाडला. तोवर खेळ बाजारात येऊन लोकांची मते कळली होती. अठरा लढवय्ये, एकट्याने खेळायलाही भरपूर. खेळ चांगला निघाला होता. पेरणी उरकल्यावर दादांनीच पैसे पोराच्या हातावर ठेवले. ऑगस्टमध्ये अमेरिकेत लास वेगासला भरलेल्या ‘इव्हो’ स्पर्धेत या एका खेळासाठी सात हजारांवर खेळाडू उतरले, ही बातमी पुतण्याने मोठ्या अभिमानाने बापाला सांगितली.

तेव्हा मंडळी, घरातल्या मुलाने अशा वस्तूचा हट्ट धरला, तर ओरडण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा : तुला यात काय आवडते आणि कशाची धास्ती वाटते? आणि मुलांनो, तुम्हीही जाहिरात पाहून आगाऊ पैसे भरू नका. नमुना पाहा, पंधरा दिवस थांबा, मग ठरवा. बियाणे असो की खेळ, पिशवीवरच्या चित्रावर भुलायचे नाही.

पुढच्या अंकी भेटूच.