ध्वनिवर्धकातील घुमघुम

घरी ध्वनिवर्धक जुळविला आणि गाण्याआधीच कर्णा घुमू लागला, ही धूलकोटसारख्या गावातील हौशी तरुणांस नवलाची गोष्ट नव्हे. अशा वेळी भाग बदलण्याची घाई न करता प्रथम कानाने परीक्षा करावी.

आवाजाची खुंटी शून्यावर आणा. घुमघुम तशीच राहिली, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात वा खुंटीपुढील भागात आहे. आपली वीज सेकंदास ५० वेळा हेलकावते. पूर्ण-तरंग रेक्टिफायरातून गेली की हेलकावे १०० होतात. म्हणून ५० च्या स्वराहून एक सप्तक वरचा घुमारा ऐकू आल्यास वीजपुरवठ्यातील मोठा कपॅसिटर तपासावा.

खुंटी उतरविताच आवाज थांबला, तर आत येणारी तार पाहा. तिला जाळीचे आवरण आहे काय? ती ट्रान्सफॉर्मरजवळून जाते काय? अर्थिंगच्या सर्व तारा एकाच बिंदूस जोडल्या आहेत काय? कर्कश भुणभुण असल्यास पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहावा.

मात्र एक उपाय कोणीही करू नये. प्लगाचा मोठा दांडा काढून अर्थिंग तोडले की घुमघुम कधी कधी थांबते. परंतु पुढे आतील वेष्टन फाटले, तर पत्र्याच्या पेटीत २३० व्होल्ट उतरतात आणि तिला हात लावणारा प्राणास मुकू शकतो. पेटी उघडण्यापूर्वीही प्लग काढून काही वेळ थांबावे. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आवाज चार दिवस उशिरा शुद्ध झाला तरी चालेल. जीव मात्र एकच आहे.