बोटाचा अंदाज आणि प्रकाशाचे मोजमाप

प्रसूतीची वेळ जवळ आली की नाही, हे ठरविताना आपण आजही मुख्यतः दोन बोटांवर विसंबतो. गर्भाशयमुख किती उघडले, किती आखूड झाले, मऊ आहे की टणक, पुढे आहे की मागे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडली. ती त्यांनी पूर्वी बाळंत झालेल्या, दिवस भरलेल्या स्त्रियांत कळा सुरू करण्यासंबंधी मांडली होती, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. पहिलटकरणीलाही आपण तीच पट्टी लावतो आणि मुदतपूर्व कळांच्या कागदावरही तेच गुण लिहितो. त्यातच ‘मऊ’ हा शब्द जितका महत्त्वाचा, तितकाच बेभरवशाचा. माझ्या बोटाला मऊ लागलेले गर्भाशयमुख सहकाऱ्याच्या बोटाला मध्यम लागते, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

हा मतभेद सीमाभागात महाग पडतो. निपाणीच्या बाजूची, तंबाखूच्या कामावर जाणारी एखादी स्त्री तिसाव्या आठवड्यात पोट आवळते म्हणून रात्री येते. तिला थांबवावे की तात्काळ पुढे पाठवावे? पाठवायचे तर बेळगावला की कोल्हापूरला? कोल्हापूर जवळ, पण राज्य दुसरे. तायी कार्डावरील कन्नड नोंदी तेथे कोणाकडून तरी वाचून घ्याव्या लागतात. कळा खोट्या निघाल्या तर दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि पुढच्या खेपेस ते कुटुंब लवकर येत नाही. खऱ्या निघाल्या आणि आपण रेंगाळलो, तर बाळ महामार्गावर जन्मते. प्रसूतितज्ज्ञ म्हणून मला या निर्णयाइतके एकाकी दुसरे काही वाटलेले नाही.

‘कोण खरोखर लवकर बाळंत होणार?’ या प्रश्नाचे उत्तर चुकले तर काय होते, याचा धडा आपल्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसताच खेडोपाडीही स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे, असा प्रयोग सहा देशांत झाला. भारतात त्याची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू मात्र काहीसे वाढले आणि मातांमध्ये संसर्गाची शंकाही अधिक आढळली. ज्यांना इंजेक्शन मिळाले, त्यांतील बहुसंख्य मातांची बाळे तितकी लहान नव्हतीच. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, अल्ट्रासाऊंडने दिवस निश्चित करून आणि नवजात शुश्रूषेची सोय असताना तेच औषध दिले, तेव्हा बाळे वाचली. औषध तेच होते. ते कोणाला, केव्हा आणि कोठे द्यावयाचे, हे दुसऱ्या वेळी नेमके ठरले होते.

येथेच प्रकाशाचा विचार मनात येतो. गर्भाशयमुखाचा टणकपणा प्रामुख्याने कोलॅजेनच्या तंतूंमुळे आणि त्यांना जखडणाऱ्या आडव्या बंधांमुळे असतो. दिवस भरत येतात तसे हे बंध सैल होतात, पाण्याचा अंश वाढतो आणि तंतूंची वीण विस्कटते. त्यांपैकी काही बंध सुमारे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात स्वतः उजळतात. हा उजाळा मोजणारे ‘कोलास्कोप’ हे उपकरण टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे रॉबर्ट गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी विकसित केले; गर्भाशयमुख पिकत जाते तशी ही दीप्ती मंदावते, असे त्यांना आढळले. दुसरी वाट रामन परिणामाची. ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ बंगळूरला घालविला, त्या सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा उपयोग वँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या गटाने गरोदर स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर केला. जसजसे दिवस जातात, तसतसे कोलॅजेनसारख्या आधारप्रथिनांचे संकेत घटतात आणि रक्ताचे वाढतात, हे त्यातून दिसले. मापनास काही सेकंद लागतात, आणि मऊ-टणक हा वादच उरत नाही. एक आकडा मिळतो.

तरीही मी या आकड्यापुढे लगेच हात जोडणार नाही. अभ्यास लहान आहेत, आणि ही उपकरणे अद्याप आपल्या नित्याच्या व्यवहारात आलेली नाहीत. आधीच्या बाळंतपणाचा आणि शरीराच्या स्थूलतेचा मापनावर परिणाम होतो. हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. मग रक्तक्षय असलेल्या आपल्या स्त्रियांत परदेशी पट्टी जशीच्या तशी चालेल काय? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेवर ऑक्सिजन खरोखरीपेक्षा जास्त दाखवतो, हे जगाने २०२० मध्ये गांभीर्याने घेतले. तोवर ती यंत्रे वर्षानुवर्षे वापरात होती. शिवाय योनिमार्गातून केलेल्या अल्ट्रासाऊंडने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते, आणि दुसऱ्या तिमाहीत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉनचा विचार होतो. हे आजही हाताशी आहे आणि आपण ते पुरेसे करत नाही. नव्या यंत्राच्या आशेवर जुने काम टाळणे ही आपल्या व्यवसायाची एक सवयच आहे.

माझे म्हणणे इतकेच की, प्रकाशाची ही उपकरणे तपासली जावीत, ती येथे आणि योग्य जागी. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित संशोधकांच्या सहभागाने जिल्ह्यातील १६२० स्त्रियांवर प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास झाला, तो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोळी देणाऱ्या गावपातळीवरील परिचारिका-प्रसाविकाच होत्या. मग प्रकाशाची कांडीही खानापूर, चिकोडी, निपाणीच्या परिचारिकेच्या हाती देऊनच का पाहू नये? यशाचे माप मोहक आलेखात नसावे. रात्रीचे किती प्रवास टळले, किती प्रवास वेळेत झाले, आणि स्टिरॉइड योग्य मातेला मिळाले का, हे मोजावे.

दरम्यान एक काम उद्यापासून करता येईल. पाठवणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘बिशप ५’ न लिहिता पाचही गुण वेगवेगळे, तपासणीची वेळ घालून, अंकांत लिहावेत. अंक कोल्हापुरातही वाचता येतात आणि बेळगावातही.