बाराशे रुपयांची खुर्ची

गेल्या जानेवारीतली गोष्ट. बचत गटांच्या एका कार्यशाळेसाठी मी उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात गेले होते. चार दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सत्रं आणि रात्री अहवाल लिहीत बसणं. परतीचं पुण्याचं विमान संध्याकाळी पाचचं होतं. मी मात्र सवयीप्रमाणे दुपारी दोनलाच विमानतळावर हजर! एसटी असो, रेल्वे असो की विमान, गाडी आपल्याला टाकून निघून जाईल ही धास्ती माझ्या मनातून काही जात नाही. सामान देताना कळलं की सकाळच्या धुक्यामुळे सगळं वेळापत्रक कोलमडलंय आणि आमचं विमान आठच्या आधी सुटणार नाही.

म्हणजे सहा तास. एरवी मी पुस्तक काढून बसले असते. पण त्या दिवशी डोकं ठणकत होतं आणि त्यात पाळी सुरू झालेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती कधी येईल आणि आली तर किती छळेल, याचा काही नेम राहिलेला नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. कंबर म्हणत होती, कुठंतरी जरा टेक.

मग आठवलं, निघताना ह्यांनी त्यांच्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं माझ्या नावाचं कार्ड हातात दिलं होतं. "लाउंजमध्ये बस निवांत, फुकट आहे," असं म्हणाले होते. शोधत शोधत लाउंज गाठलं. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड मशीनमध्ये घातलं आणि अगदी नम्रपणे परत दिलं. "मॅडम, यावर प्रवेश मिळत नाहीये. मागच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च झालेला नसेल. पैसे भरून जाता येईल. बाराशे रुपये, तीन तास."

मागे रांग होती. मी "बरं, बघते" असं काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले.

बाराशे रुपये माझ्या पर्समध्ये नव्हते असं नाही. पण आकडा ऐकला आणि डोळ्यांसमोर आली ती आमच्या गटाची वही. आमच्या गटात प्रत्येक बाई महिन्याला शंभर रुपये टाकते. वर्षाचे झाले बाराशे. कुणी धुणीभांडी करून, कुणी शिलाईच्या मशीनवर पाय मारून वर्षभर जे साठवते, ते मी तीन तास मऊ खुर्चीत बसायला देऊ? छे! मनालाच पटेना. एक रिकामी खुर्ची बघितली आणि बसले.

पुढचे पाच तास कसे गेले ते माझं मला माहीत. एकट्या बाईला स्वच्छतागृहात जायचं तरी हातातली बॅग, पर्स, शाल सगळं घेऊन जावं लागतं आणि परत येईपर्यंत खुर्ची गेलेली असते. मला चार वेळा जावं लागलं. दोनदा चहा घेतला, एकशेऐंशी रुपयांना एक. एक सँडविच घेतलं, तीनशेवीस रुपयांचं. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कपाळावर हात मारला. बाराशे वाचवायला गेले आणि सहाशेऐंशी तर असेच गेले होते! म्हणजे मी वाचवले पाचशेवीस. त्यातले पुढे डॉक्टरांकडे किती गेले ते विचारूच नका. दोन दिवस अंथरुणात होते आणि शनिवारची गटाची बैठक माझ्याविना झाली.

रविवारी गटाच्या सचिव बाई डबा घेऊन भेटायला आल्या. सातवी शिकलेल्या, पण हिशेबाला पक्क्या. त्यांना मी सगळी कथा ऐकवली, अगदी बाराशेच्या गणितासकट. खरं सांगते, मनात कुठंतरी वाटत होतं की बाई म्हणतील, "ताई, किती विचार करता हो तुम्ही आमचा!" त्या म्हणाल्या, "ताई, माझे बाराशे माझ्या खात्यात आहेत. तुम्ही तिथं अवघडून बसलात म्हणून त्यात एक रुपया तरी वाढला का? आणि आम्हाला दर बैठकीत सांगता, दुखणं अंगावर काढू नका म्हणून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाई सोबत असत्या तर मी बाराशे काय, दोघींचे चोवीसशे भरले असते आणि मागे वळूनही पाहिलं नसतं. लेकीला बरं नसतं तरी भरले असते. तीच गरज माझी स्वतःची होती तेव्हा मात्र मला गरिबी आठवली, गट आठवला, तत्त्वं आठवली. याला साधेपणा म्हणायचं की सवय?

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल, ताई लाउंजची जाहिरात करायला लागल्या.

त्याआधीच्या मे महिन्यात आम्ही सगळे बेंगळुरूला गेलो होतो. तेव्हा ह्यांच्या कार्डावर लाउंज 'फुकट' होतं, म्हणून घरातून दीड तास आधी निघालो. दुपारचं जेवणही टाळलं, 'तिथं खाऊ' म्हणून. पाहतो तर लाउंजच्या दारातच लग्नाच्या पंगतीसारखी रांग. पाऊण तासानं आत शिरलो, पण चौघांना एकत्र जागा नाही. कार्ड एकाच माणसापुरतं, त्यामुळे बाकीच्यांचे पैसे भरावे लागले. ताटांत डोंगर रचलेले आणि निम्मं अन्न तसंच टाकून दिलेलं. खाऊन माजावं पण टाकून माजू नये, असं आमची आजी म्हणायची. तिला तिथं नेलं असतं तर तिनं काठीच उगारली असती! आम्ही कसेबसे चार घास खाल्ले आणि धावत गेट गाठलं. त्या दिवशी डब्यातल्या थालीपिठांनी काम भागलं असतं, आणि तेही बसून, गप्पा मारत.

मग लाउंजला पैसे भरावेत की नाही? माझं मत असं झालंय की हा प्रश्न जेवणावरून सोडवूच नये. 'तिथं किती पदार्थ असतात' यावरून हिशेब करायला गेलं की आपण दिलेले पैसे वसूल करायला खात सुटतो. लाउंजमध्ये आपण विकत घेतो ती बसायची शांत जागा, जवळचं स्वच्छतागृह आणि डोळे मिटता येण्याइतकी स्वस्थता. त्याची गरज आहे का, एवढंच बघावं.

विमानाला तास-दीड तास असेल तर मुळीच जाऊ नये. अर्धा वेळ आत जाण्यात आणि उरलेला गेट शोधण्यात जातो. बऱ्याच विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, त्यामुळे आत बसलं तरी एक डोळा घड्याळावर ठेवावाच लागतो. तीन-चार तासांच्या वर थांबायचं असेल, सोबत म्हातारं माणूस असेल, अंगावर पिणारं बाळ असेल, औषधाच्या वेळा असतील किंवा आपलंच अंग मोडून आलं असेल, तर मात्र विचार करावा. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. किती तास बसू देणार? बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांचीच मुभा असते, म्हणून घाईनं आधीच आत शिरून उपयोग नाही. आत खरोखर जागा आहे का? आणि मुलांचे पैसे वेगळे पडतात का? एवढं विचारायला लाजू नये. भाजीवालीला आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

आणि त्या 'फुकट' कार्डाविषयी. फुकट काही नसतं. आपण आत गेलो की त्याचे पैसे बँक लाउंजवाल्याला मोजते आणि ते वार्षिक शुल्कातून, व्याजातून आपल्यासारख्यांकडूनच गोळा करते. गर्दी वाढली, खर्च वाढला, तशा अटीही आल्या. २०२४ मध्ये तर काही कार्डांना आधीच्या तिमाहीत पस्तीस हजार रुपये खर्च केले असतील तरच प्रवेश, असा नियम झाला. आता बघा, लाउंजमधल्या उपम्यासाठी कुणी पस्तीस हजारांची खरेदी करत सुटलं आणि बिल थकलं, तर काय होईल? क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर! आमच्या गटात आम्ही महिना दोन टक्क्यांनी कर्ज देतो, तरी बायका दहा वेळा विचार करून घेतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण कार्डवाल्यांनी पाकिटावर लिहून ठेवायला हवी.

आणखी एक गोष्ट मला घरी आल्यावर कळली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं विमान कंपनीनं द्यायचं. माझं विमान तीन तास उशिरा होतं. पण मी विचारलंच नाही! गटातल्या बायकांना रेशनचा हक्क, निराधार योजनेचा हक्क समजावून सांगणारी मी, स्वतःच्या हक्काच्या चहासाठी तोंड उघडलं नाही. तुम्ही तरी विचारा.

मला खरी टोचणी आहे ती वेगळीच. लाउंज ही मुळातच निवडक लोकांची जागा. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं आपला ॲडमिरल्स क्लब काढला, तेव्हा तिथं फक्त आमंत्रितांना प्रवेश होता. पैसे भरून सभासद होण्याची सोय खूप नंतर, १९६०च्या दशकात आली. आज पैसे भरले की कुणीही आत जाऊ शकतं, हे बरंच झालं. पण म्हणून बाहेर बसणाऱ्यांची आबाळ व्हावी का? पाठ टेकता येईल अशी खुर्ची, परवडणारा चहा, स्वच्छ आणि पुरेशी स्वच्छतागृहं ही चैन नव्हे. आता विमानानं फक्त साहेब लोक जात नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली, पहिल्यांदाच विमानात बसणारी नऊवारीतली आजीही असते. तिला कुठलं कार्ड आणि कुठलं लाउंज?

करायचं ठरवलं तर होतं, हेही दिसलंय. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं उडान यात्री कॅफे सुरू झालं. तिथं चहा दहा रुपये, पाणी दहा रुपये, समोसा वीस रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतही ते आलं. आपल्या एसटी स्टँडवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष काढता येतो, तर विमानतळावर तासन् तास अडकलेल्या बाईला घटकाभर आडवं होता येईल अशी जागा का नसावी? लाउंजमध्ये गेलेल्या माणसांनीच हे विचारायला हवं, कारण दारापलीकडचा फरक त्यांनी पाहिलेला असतो.

सचिव बाईंचं बोलणं ऐकल्यापासून मी एक केलंय. प्रवासाला निघताना मी वहीत अंदाजपत्रक मांडते: तिकीट, रिक्षा, खाऊ, नातेवाइकांसाठी काही नेणं. त्याखाली आता एक ओळ वाढवली आहे, 'माझ्यासाठी'. समोर पंधराशे रुपये लिहिते. नंतरच्या दोन प्रवासांत ते खर्च झाले नाहीत, कारण गरजच पडली नाही. डब्यातली पोळीभाजी खाऊन मी मजेत बाहेरच बसले.

ते तीन हजार मी घरखर्चात मिसळले नाहीत. बाजूला ठेवलेत. सचिव बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हां, आता कशी गटाची बाई शोभलात!"