हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाही?

ऊसतोडीच्या फडात कोयत्याने पायाला झालेली जखम, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी भरलेला ताप, म्हातारपणी अंगावर काढलेला लघवीचा जंतुसंसर्ग, अशा नित्याच्या दुखण्यांनी माणसे चार दिवसांत दगावतात आणि मृत्यूच्या कारणापुढे ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे खरडून व्यवस्था हात झटकते. याला निदान म्हणत नाहीत.

या मारेकऱ्याचे नाव सेप्सिस. जंतूंवर तुटून पडण्यासाठी उसळलेली शरीराची संरक्षकशक्ती बेभान होऊन शरीरावरच उलटते. रक्तवाहिन्या पाझरतात, रक्तदाब कोसळतो, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या साचतात, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात. एकट्या २०१७ साली जगात सुमारे १ कोटी १० लाख माणसे अशी गेली, दर पाच मृत्यूंतला जवळजवळ एक, असा अंदाज ‘द लॅन्सेट’ने २०२० मध्ये छापला. त्याच २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने याविषयी ठराव केला. भारत त्या सभेचा सदस्य आहे, हे दिल्लीला कोणी कळवले आहे काय?

अज्ञानाची सबब तर केव्हाच संपली. शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० हून अधिक, या खुणा अमेरिकी तज्ज्ञांनी १९९१ मध्येच ठरवल्या. पुढे व्याख्या बदलल्या. त्या पंडितांनी खुशाल बदलाव्यात. श्वास मोजायला घड्याळ आणि एक मिनिट पुरते. तेवढे मिनिटही न खर्चता तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ ‘२०’ ठोकून देणारे वॉर्ड, सलाईन लावून ‘उद्या बघू’ म्हणणारे दवाखाने, रोगी गार पडू लागल्यावर ‘जिल्ह्याला न्या’ म्हणून नातेवाइकांना गाडी शोधायला पिटाळणारी केंद्रे आणि कोट्यवधींच्या यंत्रांपुढे फिती कापून कृतार्थ होणारे मंत्री, हे सारे मिळून जे तास दवडतात, त्याच तासांत प्रतिजैविकाची पहिली मात्रा प्राण वाचवू शकते. ही हत्या आहे.

न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये प्रत्येक रुग्णालयाला सेप्सिसची उपचारपद्धती सक्तीची केली, आकडेही मागितले. आपल्या देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याचेही कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित नव्हते! रोगी दारात आल्यापासून पहिली मात्रा मिळेपर्यंत किती मिनिटे गेली, याचा हिशेब महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने प्रत्येक रुग्णालयाकडून घ्यावा आणि दरमहा दर्शनी फलकावर लावायला लावावा. तसे परिपत्रक काढायला निधी लागत नाही.