केवळ डोकीं मोजून भागणार नाहीं

एखाद्या प्रांताची भरभराट पाहावयाची झाली म्हणजे तेथें किती लोकांस काम आहे, एवढेंच विचारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. हा प्रश्न योग्य असला तरी अर्धाच आहे. सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणींत, चालू साप्ताहिक पद्धतीप्रमाणें, मागील सात दिवसांत निदान एक तास ज्यानें काम केलें तो रोजगारांत गणला जातो. म्हणजे आठवड्यांत चार तास खुरपणी मिळालेली मजुरीण आणि सत्तर तास मागापुढें उभा राहिलेला कामगार, दोघेही त्या रकान्यांत सारखेच! तेव्हां डोक्यांच्या जोडीला तास मोजल्यावांचून श्रमबाजाराची नाडी हातीं लागावयाची नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

व्यापाऱ्यांस तर हें सहज पटावें. मागणी मंदावली म्हणून कोणताही शहाणा कारखानदार शिकवून तयार केलेला कारागीर एकदम घालवीत नाहीं. प्रथम जादा काम बंद होतें, मग आठवड्याचे तास घटतात, आणि सर्वांत शेवटीं माणूस घरीं बसतो. तेजींतही पहिल्यानें जादा काम व मागाहून नवी भरती, असाच क्रम असतो. म्हणूनच तासांचा आंकडा बेकारीच्या आंकड्याच्या आधीं बोलूं लागतो.

मात्र सरासरी फसवीही असते. एकास 24 तासच काम मिळालें व दुसरा 72 तास राबला, तर दोघांची सरासरी बरोबर 48 भरते. कायद्याची मर्यादा पाळली गेली असें कागद म्हणतो, आणि प्रत्यक्षांत एक अर्धपोटी तर दुसरा अर्धमेला असतो! शिवाय प्रदेशाप्रदेशांत अर्थ पालटतो. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी नित्याची, व मजुरी कापडाच्या मापावर. तेथील लांब तास सुबत्तेचे नव्हेत, अपुऱ्या दराचे द्योतक होत. कोरडवाहू मराठवाड्यांत हंगाम सरला कीं तास घटतात, ते विसाव्यामुळें नव्हे तर कामाअभावीं. आणि स्त्रियांचे घरांतील श्रम तर या हिशेबांत येतच नाहींत. 2024 च्या कालविनियोग पाहणींत बिनमोल घरकामास स्त्रियांचीं रोज 289 मिनिटें तर पुरुषांचीं 88 मिनिटें लागतात असें आढळलें.

48 तासांची मर्यादा कांहीं आकाशांतून पडली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 मध्यें मुंबईचे गिरणीकामगार संघटित केले, तेव्हां 1890 मध्यें त्यांस आठवड्याची सुट्टी मिळाली. पुढें कायद्यानें आठवड्याचे तास 1922 मध्यें 60, बारमहा कारखान्यांपुरते 1934 मध्यें 54, आणि 1946 मध्यें 48 केले. तेंच 48 तासांचें बंधन 1948 च्या कायद्यानें कायम ठेविलें. धंदा बुडेल ही हाकाटी तेव्हांही होतीच.

सप्टेंबर 2025 मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दैनिक मर्यादा 9 वरून 12 तास, व तिमाहींतील जादा कामाची मर्यादा 115 वरून 144 तास करण्यास मंजुरी दिली. साप्ताहिक 48 तास अबाधित आहेत, असें सांगण्यांत आलें. परंतु 144 तास तेरा आठवड्यांवर वांटले तर दर आठवड्यास सुमारें 11 पडतात. 48 व 11 मिळून 59 झाले. म्हणजे आपण 1922 च्या साठांच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपतों! जादा कामास कामगाराची लेखी संमति व दुप्पट मजुरी हवी, हें खरें. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याची संमति कितपत मोकळी, हें वकिली न शिकलेल्यासही कळतें.

आमचें मागणें माफक आहे. जानेवारी 2025 पासून त्या पाहणीच्या नमुन्यांत जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. तर मग जिल्हावार तास प्रसिद्ध करावे. नुसती सरासरी न देतां 48 च्या वर किती व अर्ध्या कामावर किती, हें स्त्री-पुरुषवार सांगावें, आणि शेजारीं तासाची मजुरी मांडावी. दुकानदार व कारखानदार बंधूंनींही आपली हजेरीवही खरी ठेवावी. जो व्यापारी मालाच्या वजनांत तोळाभर तफावत खपवून घेत नाहीं, त्यानें माणसाच्या आयुष्याच्या तासांत ती कां खपवावी?